तोडकरी अप्पांची तक्रार

"गिरण बंद करा," तो म्हणाला. "तुमचं बोलणं मला ऐकू येत नाहीये."

मी बटण दाबलं. पट्टा फडफडत थांबला. दळणाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांना मी हातानेच सांगितलं, मागाहून या. त्या निघून गेल्या, पण जाताना वळून वळून त्या माणसाकडे बघत गेल्या. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात काळी बॅग. आमच्या गल्लीत असा माणूस फक्त जप्तीला येतो, असा सगळ्यांचा समज होता.

त्याचं नाव निमकर. सोलापूरच्या एका घरकर्ज कंपनीचा अधिकारी. वय पस्तिशीच्या आसपास. लातूर रोडला नवीन रो-हाऊस होत होती, त्यातलं एक आम्ही धरलं होतं. पुढच्या खोलीत गिरण बसेल, मागे दोन खोल्यांत आम्ही राहू, असा हिशेब. बिल्डरला इसार देऊन झाला होता. बँकांनी दारातूनच परत पाठवलं, कारण आमच्याकडे पगाराची पावती नव्हती. मी गिरण चालवायची आणि माझा नवरा भारत शाळेच्या मुलांची व्हॅन. दोन्हीकडे येणारा पैसा रोख. ही कंपनी म्हणे पगार नसलेल्यांनाही कर्ज देते, फक्त त्यांचा माणूस घरी येऊन बघून जातो.

तो बघायला आला होता.

"दिवसाला किती दळण होतं?" त्याने विचारलं.

मी सांगितलं.

"सणाला?"

"दुप्पट. दिवाळीआधी तर जेवायला उसंत नसते."

"आणि लग्नसराई संपल्यावर?"

"मग मिरची, हळद असते. ते संपलं की कमी."

तो लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "लाईट बिल आणा." मी आणून दिलं. त्याने बिल आणि मी सांगितलेला आकडा ताडून बघितला. मग भारतकडे वळला. "तुम्ही जरा बाहेर थांबा."

"का?" भारत म्हणाला.

"मॅडमशी एकट्याने बोलायचंय. नंतर तुमच्याशी बोलेन."

भारतचा चेहरा बदलला. तो बाहेर गेला, पण उंबऱ्यापलीकडे गेला नाही. निमकरने मला किराणा, मुलांची फी, दवाखाना, सासूला पाठवतो ते पैसे, सगळं विचारलं. मग मला बाहेर काढून तेच प्रश्न भारतला विचारले. आम्ही वेगवेगळं सांगतो का, हे तो बघत होता. चोरांना पोलीस असं विचारतात.

भारतचा आवाज चढलेला बाहेरपर्यंत ऐकू आला. "दारू पितो का म्हणजे? मुलं बसतात माझ्या गाडीत!"

"म्हणूनच विचारतोय."

"नाही पीत."

"तंबाखू?"

"त्याचा कर्जाशी काय संबंध?"

"मला उत्तर द्या, संबंध मी बघतो."

मी आत गेले. पाण्याचा तांब्या मध्ये ठेवला, म्हणजे दोघांना थांबावं लागेल. निमकरने पाण्याला हात लावला नाही. भिंतीवरचा ओलावा, वरचा पत्रा, कोपऱ्यातली शिलाई मशीन, सगळ्यावरून त्याची नजर फिरली. मग तो म्हणाला, "इथे किती वर्षं राहता?"

"लग्न झाल्यापासून," मी म्हणाले.

"भाड्याच्या पावत्या?"

"अप्पा कधी देत नाहीत."

"अप्पा म्हणजे घरमालक? त्यांच्याशी संबंध कसे आहेत?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भारत म्हणाला, "एकदम घरच्यासारखे."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"छान," निमकर म्हणाला. त्याने बॅग उचलली. "मग त्यांना भेटून येतो. शेजारी आणि घरमालक, दोघांना विचारावंच लागतं. कुठे राहतात?"

उत्तर मलाच द्यावं लागलं. मी अंगणापलीकडच्या दाराकडे बोट दाखवलं.

आमचं आणि विरुपाक्ष अप्पा तोडकरींचं अंगण एकच होतं. पण त्या अंगणात कित्येक वर्षांत आम्ही एकमेकांशी एक धड वाक्य बोललो नव्हतो. गिरणीची खोली त्यांना थोरल्या मुलाच्या दुकानासाठी हवी होती. आम्ही म्हणालो, दुसरी जागा मिळेपर्यंत थांबा. त्यांनी थांबायचं नाकारलं. आधी नळाचं पाणी तोडलं. मग संडासाला कुलूप लावलं, ते आम्ही पोलिसांत जाऊन काढायला लावलं. मग त्यांनी कोर्टात केस टाकली आणि भाडं घेणं बंद केलं. थोरला कंटाळून पुण्याला नोकरीला गेला, पण अप्पांनी केस सोडली नाही. मी अंगणात रांगोळी काढली की त्यावर पाणी पडायचं. त्यांच्या दारात आमच्या मुलाचा चेंडू गेला की चिरलेला परत यायचा. आणि मीही काही साधी नव्हते. त्यांची दुपारची झोपायची वेळ मला पक्की ठाऊक होती आणि मिरची मी त्याच वेळी दळायची.

अशा माणसाकडे निमकर आमची चौकशी करायला चालला होता.

"घरच्यासारखे?" तो गेल्यावर मी भारतला म्हणाले. "कोर्टात केस चाललीय आणि घरच्यासारखे?"

"मग काय सांगू? केस आहे म्हणून? इथल्या इथे उठून गेला असता."

"आता काय होणार आहे?"

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

गिरण बंद होती, त्यामुळे अंगण शांत होतं. त्यात अप्पांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते सगळ्या जगाशी ओरडूनच बोलायचे. त्यांनी निमकरला बाजेवर बसवलेलं मला खिडकीतून दिसलं. आतून चहा मागवलेला ऐकू आला. आमच्याकडच्या पाण्याला न शिवलेल्या माणसाने तो चहा घेतला.

"कर्ज?" अप्पा ओरडले. "ह्यांना? साहेब, चांगल्या घरचे दिसता. आल्या पावली परत जावा!"

निमकर काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

"कसे आहेत म्हणजे? जळवा आहेत! चिकटल्या की सुटत नाहीत. कोर्टात केस चाललीय आमची. सांगितलं का तिनं?"

निमकर हळू काहीतरी म्हणाला.

"कशी सांगेल! घरच्यासारखे? कोण म्हणालं, तो ड्रायव्हर? अहो, त्याच्या तोंडात एक शब्द खरा नाही. माझ्या भिंतीला तडे गेलेत त्या गिरणीनं. माझ्या म्हातारीला दम्याचा त्रास झाला त्या पिठानं. दुपारी डोळा लागू देत नाही ती बाई. मुद्दाम! मिरची दळती मुद्दाम!"

भारत मुठी आवळून उभा होता. मी त्याचा दंड धरला.

"बाईमाणूस म्हणून सोडलं, साहेब. पण अशी हट्टी बाई अख्ख्या बार्शीत नाही मिळायची. माझा वकील म्हणतो, अप्पा, नुसतं एक महिना भाडं चुकू द्या तिचं, मग बघा मी कसं काढतो बाहेर. एक महिना! मी वाट बघत बसलोय. ती चुकू देत नाही! मी भाडं घेत नाही, तर मनिऑर्डर करती. मी परत पाठवतो, ती पुढच्या महिन्यात पुन्हा करती. पोस्टमन हसतो आता मला. तिचा पोरगा मिशन हॉस्पिटलात होता ना, मी म्हटलं, आता सापडली. कुठलं! आली मनिऑर्डर. हा ड्रायव्हर गाडी ठोकून पायाला प्लास्टर घालून पडला, घरात पैसा नाही, आता तरी चुकंल. नाही! माणूस आहे का काय आहे? गळ्याला फास लावलाय तिनं माझ्या!"

ह्या वेळी निमकरचा आवाज ऐकू आला. तोही अप्पांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलला. "एकदाही चुकली नाही?"

"एकदा चुकली असती तर ही जागा माझी झाली असती!" अप्पा गरजले. "मी तुम्हाला सांगतो, साहेब, ह्या लोकांना घर देऊ नका. तुमची कंपनी बुडंल. हिच्या नवऱ्याच्या बापानं गावाकडं..."

पुढचं वाक्य पुरं झालं नाही. भारतने माझा हात झटकला होता. तो अंगण ओलांडून गेला आणि त्याने लाथेने अप्पांसमोरचं स्टूल उडवलं. चहाचे कप फरशीवर फुटले.

"बापावर जातो?" भारत ओरडला. "म्हाताऱ्या, बापावर जातो माझ्या?"

"बघा! बघा साहेब! ही वागणूक!"

"तुझ्या केसाला धक्का लावत नाही म्हणून माजलायस!"

"लाव की! लाव धक्का! साक्षीदार बसलेत इथं!"

मी धावत गेले आणि भारतला मागे ओढलं. अप्पा बाजेवर उभे राहिले होते, बंडी आणि धोतरात, हातातली काठी उगारून. त्यांची सून दारात येऊन रडायला लागली. निमकर मात्र शांतपणे उठला. पँटवर उडालेला चहा त्याने रुमालाने पुसला, बॅगेची चेन लावली आणि म्हणाला, "मला बघायचं होतं ते मी बघितलं."

"साहेब, ऐका जरा," मी म्हणाले. "आमची बाजूही..."

"मॅडम, तुमची बाजू तुम्ही सांगितली होती. घरच्यासारखे संबंध आहेत म्हणून."

तो निघून गेला. त्याच्या मोटरसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला विरेपर्यंत आम्ही सगळे अंगणात तसेच उभे होतो. मग अप्पा हसले. मोठ्याने नाही. फक्त मला दिसेल एवढं.

त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते मी जास्त सांगत नाही. मी भारतला नको ते बोलले. तोही बोलला. तो म्हणाला की तुला हौस होती घराची, आपलं बरं चाललं होतं. मी म्हणाले की दुसऱ्याच्या नळावर पहाटे हंडे घेऊन मी जाते, तू जात नाहीस. तो व्हॅन घेऊन गेला आणि मी गिरण चालू केली. दुपारची वेळ होती. घरात मिरची नव्हती, नाहीतर दळली असती.

बिल्डरचा माणूस आठवडाभराने येऊन गेला. महिनाअखेर कर्जाचं काही ठरलं नाही तर घर दुसऱ्याला देऊ, आणि इसार परत मिळणार नाही, असं सांगून गेला. तो इसार म्हणजे माझ्या पाटल्या होत्या. आम्ही दोघांनी ते ऐकलं आणि एकमेकांशी न बोलता आपापल्या कामाला लागलो.

मग सोलापूरहून फोन आला. दोघांनी या, एवढंच. होय की नाही ते सांगितलं नाही.

एसटीत मी खिडकीशी बसले आणि भारत दोन सीट सोडून मागे. कंपनीची शाखा एका मोठ्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर होती. निमकर आम्हाला काचेच्या केबिनमध्ये घेऊन गेला. त्याने आम्हाला बसा म्हटलं, पण हसला नाही.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," तो भारतला म्हणाला. "आमच्याकडे अर्जदार खोटं बोलला की अर्ज तिथेच संपतो. हे तुम्हाला माहीत असायला हवं."

भारत खाली बघत राहिला.

"आणि माझ्यासमोर तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर गेलात. मी हप्ता मागायला आलो तर माझ्याही अंगावर याल का?"

"साहेब," मी म्हणाले, "नाही म्हणायचं असेल तर फोनवरच म्हणायचं होतं. एवढ्या लांब बोलावून अपमान कशाला करता?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "नाही म्हणायला बोलावलेलं नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मॅडम, मी हे काम बरीच वर्षं करतोय," तो म्हणाला. "मी जिथे जातो तिथे शेजारी आधीच पढवलेले असतात. फार चांगली माणसं आहेत, देवमाणसं आहेत, सगळे असंच सांगतात. त्यातली काही देवमाणसं तिसऱ्या महिन्यातच हप्ता बुडवतात. कमाई किती हे मला लाईट बिलावरून कळतं, तुमच्या गिऱ्हाइकांवरून कळतं. पण अडचणीच्या महिन्यात माणूस आधी कुणाचे पैसे देतो, हे कुठेच कळत नाही. ते सांगणारं कुणी मिळत नाही."

तो थांबला. मग म्हणाला, "तुमचे घरमालक तुमचं वाटोळं करायला बसले होते. त्यांनी मला सांगितलं की पोरगा दवाखान्यात असताना ह्या बाईने भाडं पाठवलं, नवऱ्याला प्लास्टर असताना पाठवलं, घेत नाही म्हटलं तरी पाठवलं. तुमच्या बहिणीने हे सांगितलं असतं तर मी लिहूनही घेतलं नसतं."

अप्पांचं ते सगळं बोलणं मी शब्द न शब्द ऐकलं होतं. खिडकीत उभी राहून ऐकलं होतं, आणि मला त्यात फक्त शिव्या ऐकू आल्या होत्या.

"केसचं काय?" मी विचारलं.

"घर मिळालं की जागा सोडणार ना? मग केस कसली? तसं लेखी द्यावं लागेल. आणि एक अट आहे." तो भारतकडे वळला. "कर्ज मॅडमच्या नावावर. तुम्ही दुसरे. हप्ता त्यांच्या खात्यातून जाईल."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही," भारत म्हणाला.

"नाही," निमकर म्हणाला.

भारत उठून जाईल असं मला वाटलं. पण तो बसून राहिला. त्याने पेन मागितलं, आणि निमकरने बोट दाखवलं तिथे तिथे सही केली. परत येताना तो माझ्या शेजारच्या सीटवर बसला. अर्धी वाट सरली. मग म्हणाला, "प्लास्टर होतं तेव्हा भाड्याला पैसे कुठून आणलेस?"

"तुला काय करायचंय?" मी म्हणाले.

घर ताब्यात यायला उन्हाळा उजाडला. ह्या सगळ्या काळात मी अप्पांना काही सांगितलं नाही. मी वाट बघत होते. शेवटच्या दिवशी काय बोलायचं ते मी गिरणीच्या जात्याला टाकी लावताना, भाकरी थापताना, मनात घोटून घोटून पाठ केलं होतं. ज्या तोंडाने तुम्ही माझं वाईट चिंतलं त्याच तोंडाने मला घर मिळालं. त्यांचा चेहरा कसा पडेल तेही मी बघून ठेवलं होतं.

टेम्पोत गिरण चढली. मुलं आणि भारत पुढे गेले. मी खोली झाडली, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन अंगण ओलांडलं. अप्पा बाजेवर बसले होते.

"किल्ली," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला नाही. "कुठल्या आंधळ्यानं दिलं तुला कर्ज?"

"तोच साहेब, जो इथे बसून चहा पिऊन गेला."

"खोटं. मी त्याला सगळं सांगितलं होतं."

"सांगितलंत ना. म्हणूनच दिलं." आणि मी बोलायला लागले. पाठ केलेलं सगळं बोलले. मनिऑर्डरीचं, दवाखान्याचं, प्लास्टरचं. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून बोलले. अख्ख्या गल्लीने ऐकलं असणार. शेवटी म्हणाले, "माझी बहीणसुद्धा माझ्यासाठी एवढं बोलली नसती, अप्पा."

मी थांबले. आता ते उसळतील, काठी उगारतील, म्हणून मी पाय रोवून उभी होते.

अप्पांनी काठी बाजूला ठेवली. त्यांनी गिरणीच्या रिकाम्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज साध्या माणसासारखा होता, "मी तुझ्याबद्दल वाईट सांगायलाच बसलो होतो. भिंतीचं सांगितलं. मिरचीचं सांगितलं. नवऱ्याचं सांगितलं. मग अजून काय सांगावं म्हणून आठवायला लागलो, तर मनिऑर्डरीच आठवल्या." त्यांनी मान हलवली. "इतक्या वर्षांत तुझ्याविरुद्ध मला तेवढंच मिळालं."

मी किल्ली बाजेवर ठेवली आणि निघाले. फाटकापाशी पोचले तेव्हा मागून आवाज आला. नेहमीचा, ओरडलेला.

"दुसरी किल्ली?"

"एकच होती," मी न वळता म्हणाले.

"खोटं!"

मी थांबले. ती किल्ली मी कशासाठी ठेवून घेत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मी परत गेले, पदराच्या गाठीतून दुसरी किल्ली सोडवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.